ईबी-१ए ग्रीन कार्ड: कंपनीशिवाय, स्वतःच स्वतःसाठी अर्ज करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेत एच-१बीवर असलेले आपले लोक आणि पुण्या-मुंबईत बसून हा विचार करणारे, दोघंही साधारण तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी वकील नाही. स्वतःची फाइल स्वतः केली आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फाइली बसून वाचल्या, त्यातून जे कळलं ते सांगतोय. फी आणि तारखा बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर एकदा बघून घ्याच.

ईबी-१ए म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत नोकरी-धंद्याच्या आधारावर जी ग्रीन कार्डं मिळतात त्यांचे पाच गट आहेत, १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने ते ठरवले. पहिल्या गटात तीन पोटगट: ए म्हणजे असामान्य क्षमता असलेले लोक, बी म्हणजे नामवंत प्रोफेसर आणि संशोधक, सी म्हणजे मल्टिनॅशनल कंपन्यांचे मॅनेजर. बी आणि सीला कंपनी किंवा युनिव्हर्सिटी लागते. एला लागत नाही. पर्मची (कंपनीने आधी करायच्या लेबर सर्टिफिकेशनची) भानगड नाही, जॉब ऑफर नको, एचआरच्या मागे लागायला नको, आय-१४० फॉर्मवर, म्हणजे ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्याच्या अर्जावर, अर्जदार म्हणूनही तुमचंच नाव आणि ज्याच्यासाठी अर्ज आहे तिथेही तुमचंच नाव. विज्ञान, कला, शिक्षण, बिझनेस आणि खेळ, या पाच क्षेत्रांतल्या लोकांना हे लागू होतं.

त्यासाठी नोबेल मिळालेलं असावं लागतं का?

नाही. नोबेल, ऑस्कर, ऑलिम्पिक मेडल असं काही असेल तर तेवढ्या एकावर पहिली पायरी पार होते. बाकीच्यांसाठी दहा निकष आहेत, त्यातले किमान तीन भरावे लागतात. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचे पुरस्कार, निवडक लोकांनाच घेणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व, तुमच्याबद्दल मोठ्या माध्यमांत आलेलं लिखाण, दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, स्वतःचं मूळ आणि मोठा परिणाम झालेलं योगदान, अभ्यासपूर्ण लेख, कलेची प्रदर्शनं, नावाजलेल्या संस्थेत कळीची भूमिका, क्षेत्रातल्या इतरांपेक्षा बराच जास्त पगार, आणि रंगमंचीय कलांमधलं व्यावसायिक यश. एखादा निकष तुमच्या व्यवसायाला सरळ लागूच होत नसेल तर त्याच तोडीचा दुसरा पुरावा देता येतो, फक्त तो का लागू होत नाही हे आधी पटवून द्यावं लागतं.

तीन निकष भरले की काम झालं ना?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. तीन भरणं ही पहिली पायरी. त्यानंतर ऑफिसर सगळी फाइल एकत्र ठेवून बघतो की हा माणूस खरोखर आपल्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या थोड्या लोकांमधला आहे का, आणि त्याचं नाव टिकून आहे का की दहा वर्षांपूर्वी एकदाच काहीतरी झालं होतं.

ही दोन पायऱ्यांची पद्धत २०१० च्या कझारियन खटल्यावरून आली. कझारियन हे फिजिक्सवाले, नाइन्थ सर्किट कोर्टाने त्यांच्या बाबतीत सांगितलं की कायद्यात नसलेल्या अटी यूएससीआयएसने पहिल्याच पायरीवर मनाने घुसवू नयेत, म्हणजे लेखांना किती सायटेशन आहेत हे बघायचं तर ते शेवटी सगळं तोलताना बघा. गंमत म्हणजे एवढं होऊनही कझारियन हरलेच, कारण त्यांचे दोनच निकष भरत होते. पण तेव्हापासून सगळ्यांच्या फाइली याच पद्धतीने तपासल्या जातात.

म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की निकष मोजत बसू नका. ‘माझ्या कामामुळे दुसऱ्या कुणी काय वेगळं केलं’ या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर दाखवता येतंय का ते बघा. तुमची पद्धत दुसऱ्या कंपनीने वापरली, तुमच्या पेपरवरून दुसऱ्या लॅबने प्रयोग केला, तुमचं ओपन सोर्स टूल अनोळखी लोकांच्या प्रॉडक्टमध्ये चालतंय, असं काही असेल तर फाइल उभी राहते. ते नसेल तर सहा निकष मांडले तरी शेवटी ढासळते.

भारतीयांना याचा नेमका फायदा काय? रांग तर आहेच की.

रांग आहे, पण कोणती ते बघा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातली जवळपास ४०,००० ईबी-१ ची, आणि त्यात बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ मध्ये भारतासाठी ईबी-१ ची तारीख (म्हणजे ज्या तारखेआधी रांगेत लागलेल्यांचा नंबर आला होता ती) फेब्रुवारी २०२२ च्या आसपास होती आणि ईबी-२, म्हणजे दुसऱ्या गटाची, २०१३ च्या आसपास, म्हणजे फरक तुमच्या लक्षात येईल. अर्थात ही तारीख पुढेच जाईल असं नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये ईबी-१ भारत एकदम जानेवारी २०१२ पर्यंत मागे नेली होती आणि मग पुढच्या काही महिन्यांत ती परत सावरली.

आता खरा मुद्दा, जो पुष्कळ जणांना माहीतच नसतो. तुमच्या कंपनीने आधी पर्म करून ईबी-२ किंवा ईबी-३ मध्ये आय-१४० मंजूर करून घेतलेलं असेल तर त्याची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) तुम्हाला ईबी-१ए ला नेता येते. समजा तुमची जुनी तारीख २०१६ ची आहे. ईबी-२ मध्ये तुम्ही अजून कित्येक वर्षं बसून राहाल, पण ईबी-१ए मंजूर झालं की तीच २०१६ ची तारीख घेऊन तुम्ही पहिल्या गटाच्या रांगेत उभे राहता, आणि तिथे तुमचा नंबर लागलेला असू शकतो. नव्या अर्जासोबत जुन्या मंजुरीची आय-७९७ नोटीस जोडायची. जुन्या कंपनीने नंतर ते आय-१४० मागे घेतलं तरी तारीख साधारणपणे तुमचीच राहते, फसवणूक किंवा मोठी चूक म्हणून ते रद्द झालेलं नसेल तर. त्यामुळे त्या नोटिशीची कॉपी आत्ताच कंपनीकडून मागून घ्या, नोकरी सोडल्यावर कुणी उभं करत नाही.

मी आयटीमध्ये आहे, ना पेपर ना पेटंट. माझं काय होऊ शकतं?

होऊ शकतं, पण प्रत्येक सीनियर इंजिनिअरचं होतं असं नाही, हे मी स्पष्टच सांगतो. आयटीवाल्यांच्या फाइलीत बहुतेक वेळा पगार, कळीची भूमिका, परीक्षण आणि मूळ योगदान हे चार येतात.

पगारासाठी ऑफर लेटर पुरत नाही, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा टॅक्सचा फॉर्म) आणि पे स्टब लावा, आणि तुलना करा ती तुमच्याच कामाच्या आणि तुमच्याच भागातल्या आकड्यांशी. सॅन होजेमधला पगार सगळ्या देशाच्या सरासरीशी ताडून दाखवला तर ऑफिसर ते मान्य करेलच असं नाही. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या साइटवर शहरानुसार पर्सेंटाइल मिळतात, तिथून घ्या. भारतात काम करत असाल तर तुलना भारतातल्या पगारांशी करायची, रुपयाचे डॉलर करून अमेरिकेशी नाही.

कळीच्या भूमिकेत लोक ‘मी या टीमचा लीड होतो’ एवढंच लिहून थांबतात. कंपनी मोठी आहे हे सगळ्यांनाच माहितीये, प्रश्न असा की तुम्ही नसता तर त्या कंपनीचं किंवा त्या डिपार्टमेंटचं काय अडलं असतं. तुमच्या वरच्या माणसाच्या पत्रात प्रॉडक्टचं नाव, किती युजर, किती पैसे वाचले किंवा आले, आणि त्यातलं तुमचं नेमकं काम काय हे आलं पाहिजे. ऑर्ग चार्ट लावा, त्यात तुमचा चौकोन कुठे आहे ते दिसू दे.

परीक्षणाचं आमंत्रण आलं होतं एवढ्यावर भागत नाही, परीक्षण प्रत्यक्ष केलं हे दिसलं पाहिजे, म्हणजे जर्नलच्या एडिटरचा रिव्ह्यू मिळाल्याचा ईमेल, कॉन्फरन्सच्या कमिटीच्या यादीत नाव असं काहीतरी. सदस्यत्वाबद्दल सांगायचं तर आयट्रिपलई फेलो असणं आणि वर्षाची वर्गणी भरून मेंबर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नुसत्या सीनियर मेंबरशिपवर हा निकष उभा करू नका असं माझं मत.

मराठी पेपरात माझ्याबद्दल बातमी आली होती, ती चालते का?

चालू शकते. नियमात इंग्रजी पेपरच हवा असं कुठेही नाही, मोठं माध्यम हवं असं आहे, आणि लोकसत्ता, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स ही मोठीच आहेत. पण तीन अडचणी येतात.

पहिली, बातमी तुमच्याबद्दल आणि तुमच्या कामाबद्दल असली पाहिजे. ‘कॉलेजच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून अमुक उपस्थित होते’ अशी आतल्या पानावरची चार ओळींची बातमी लावून काही होत नाही.

दुसरी, नियमात शीर्षक, तारीख आणि लेखकाचं नाव तिन्ही मागितलंय, आणि आपल्याकडे निम्म्या बातम्यांवर नुसतं ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वृत्तसेवा’ छापलेलं असतं. अशा वेळी पेपरच्या ऑफिसकडून लेटरहेडवर पत्र घ्या, की ही बातमी आमच्या अमुक वार्ताहराने लिहिली, अमुक आवृत्तीत अमुक पानावर आली. ओळख असेल तर हे काम फोनवर होतं, नसेल तर कुणाला तरी प्रत्यक्ष पाठवा. कात्रण लावताना फक्त बातमी कापू नका, पानाच्या वरची पेपरच्या नावाची आणि तारखेची पट्टी दिसेल असं अख्खं पान स्कॅन करा.

तिसरी, भाषांतर. संपूर्ण मजकुराचं इंग्रजी भाषांतर लागतं, सारांश चालत नाही, आणि भाषांतर करणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. नोटरीची गरज नाही. दोन्ही भाषा नीट येणारा मित्रसुद्धा करू शकतो, फक्त स्वतःच्या बातमीचं भाषांतर स्वतः करायचं टाळा. आणि पेपरचा खप दाखवायला ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचे आकडे जोडा, कारण नेब्रास्कात बसलेल्या ऑफिसरला सकाळ किती घरांत जातो हे कसं कळणार.

पैसे भरून पुरस्कार आणि लेख मिळवून देणारे एजंट आहेत, घ्यावेत का?

नका घेऊ, अगदी हात जोडून सांगतो. ‘प्रोफाइल बिल्डिंग’ म्हणून पॅकेज विकणारे बरेच झालेत, इतके पैसे द्या, एक पुरस्कार, दोन मुलाखती, चार परीक्षणं, एक पुस्तकावर नाव. यूएससीआयएसला हे दिसत नाही असं समजू नका. एकाच महिन्यात आलेले पुरस्कार, एकाच साच्यातले लेख, ज्या संस्थेचं नाव मागच्या पन्नास फाइलींमध्ये आलंय तेच परत, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज जातं. आणि अर्ज नाकारला गेला तर निदान पुन्हा नव्याने करता येतो, पण महत्त्वाच्या गोष्टीत खोटं सांगितल्याचा शिक्का बसला तर अमेरिकेत प्रवेशालाच कायमची बंदी येऊ शकते, मग एच-१बी पण गेलं आणि टुरिस्ट व्हिसा पण गेला. घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं एका विकत घेतलेल्या ट्रॉफीवर लावायचं का?

आपल्याकडच्या खऱ्या सत्कारांचं वेगळं. गावच्या मंडळाने प्रेमाने शाल-श्रीफळ दिलं तर त्याची किंमत आहेच, पण तो राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार होत नाही. ज्या पुरस्काराला निवड समिती होती, देशभरातून नावं आली होती, निकष छापलेले होते, तोच लावा, आणि ते निकष आणि आधीच्या मानकऱ्यांची यादी सोबत जोडा.

शिफारसपत्रं किती आणि कुणाची?

आकडा नाही. पाच-सात चांगली पत्रं पुष्कळ झाली. निम्मी तरी अशा लोकांची असू द्या ज्यांनी तुमच्यासोबत कधी काम केलेलं नाही पण तुमचं काम वापरलंय किंवा वाचलंय. ‘अत्यंत हुशार, मेहनती, नम्र’ अशी पत्रं काही कामाची नाहीत. ‘आम्ही २०२१ मध्ये यांची पद्धत आमच्या सिस्टिममध्ये घेतली आणि त्यामुळे हे असं बदललं’ हे एक वाक्य त्या सगळ्या विशेषणांपेक्षा भारी. आणि पत्रात जे लिहिलंय त्याचा वेगळा कागद फाइलीत हवाच, नुसत्या पत्रांवर केस उभी राहत नाही. सगळी पत्रं तुम्हीच लिहून एकसारख्या वाक्यरचनेत सहीला पाठवलीत तर ते लगेच कळतं.

गायक, तबलावादक, नट, खेळाडू यांचं काय?

त्यांनाही हे खुलं आहे. शास्त्रीय संगीतवाल्यांनी मोठ्या महोत्सवांची निमंत्रणं, कार्यक्रमपत्रिकेत नाव कुठे आहे, समीक्षण, तिकीट विक्री, रेकॉर्डिंगचे करार हे सगळं जपून ठेवलं पाहिजे, आणि आपले कलाकार नेमकं तेच ठेवत नाहीत. वीस वर्षं गायलेल्या माणसाकडे दाखवायला व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो असतात. तात्पुरतं यायचं असेल तर कलाकारांसाठी ओ-१बी व्हिसाची कसोटी थोडी सोपी आहे, पण त्याला अमेरिकेतला एजंट किंवा संस्था अर्जदार म्हणून लागते.

खेळाडूंनी एक लक्षात घ्यावं. खेळाडू म्हणून नाव कमावलं आणि इथे कोच म्हणून येणार, तर ते आपोआप एकच क्षेत्र धरलं जात नाही. कोरियातल्या एका प्रसिद्ध बेसबॉल खेळाडूच्या बाबतीत २००२ मध्ये ली विरुद्ध झिग्लर खटल्यात हेच झालं, शिकागोच्या कोर्टाने कोचिंग वेगळं आहे ही सरकारची बाजू मान्य केली. कोच म्हणूनही काही कामगिरी असेल तर ती मांडा.

नोकरी नाही तर ‘अमेरिकेत काम चालू ठेवीन’ हे कसं दाखवायचं?

संभाव्य कंपनीची पत्रं, करार, किंवा पुढे काय करणार याचं तुमचं स्वतःचं सविस्तर निवेदन. दोन-तीन पानांत, नेमकं. क्षेत्र तेच हवं.

भारतात बसून करता येतं का?

हो, आय-१४० साठी अमेरिकेत असायची गरज नाही. मंजूर झाल्यावर आणि तारीख लागल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि इंटरव्ह्यू बहुतेक करून मुंबईत, बीकेसीतल्या वकिलातीत. पोलिस क्लिअरन्स आणि मेडिकल त्या आधी. जन्मदाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यात फरक असेल, आणि आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलल्यामुळे किंवा वडिलांचं नाव मधे आल्यामुळे तो असतोच, तर त्याचं काम आत्तापासून सुरू करा, नगरपालिकेत वेळ लागतो. स्टुडंट व्हिसावर असाल तर जरा जपून, आय-१४० भरल्यावर एफ-१ चं स्टॅम्पिंग अवघड होऊ शकतं कारण कायम राहायचा हेतू कागदावर आलेला असतो. एच-१बी आणि एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) ला हा त्रास नाही.

खर्च आणि वेळ?

एप्रिल २०२४ पासूनच्या रचनेत आय-१४० ची फी ७१५ डॉलर, त्यावर असायलम प्रोग्रॅम फी, जी स्वतः अर्ज करणाऱ्यांना ६०० ऐवजी ३०० डॉलर. प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं, ज्याची फी वेगळी आणि हजारांमध्ये आहे, तर १५ कामाच्या दिवसांत काहीतरी उत्तर येतं. काहीतरी म्हणजे मंजुरी, नकार किंवा आरएफई. त्याशिवाय वकील घेतलात तर त्याचे बरेच हजार.

आरएफई आली किंवा नकार आला तर?

आरएफई म्हणजे नकार नव्हे, जास्तीचा पुरावा मागितलाय. बहुतेक ८४ दिवसांपर्यंत मुदत मिळते, उत्तर एकदाच देता येतं, तेव्हा घाईने अर्धवट पाठवू नका. ऑफिसरने लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाचा, त्यानेच तुम्हाला सांगितलेलं असतं की काय कमी आहे. नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येतं, पण बरेच जण फाइल सुधारून नव्याने भरतात, कितीही वेळा भरता येतं. फक्त आधीच्या अर्जात लिहिलेल्याशी विसंगत काही नको.

ईबी-१ए करू की एनआयडब्ल्यू?

एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे देशहितासाठी कंपनीची आणि जॉब ऑफरची अट माफ) हेही स्वतः करता येतं, २०१६ च्या धनसर निकालाच्या तीन कसोट्या आहेत आणि त्या गाठणं बऱ्याच जणांना तुलनेने सोपं. पण ते ईबी-२ मध्ये येतं, म्हणजे जन्म भारतातला असेल तर ती लांबलचक रांग. बायको किंवा नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्यांच्या देशाची रांग वापरता येते, मग गणित बदलतं.

आय-१४० मंजूर झालं, आता नोकरी गेली तरी चिंता नाही ना?

आहे. आय-१४० स्वतःहून तुम्हाला इथे राहायचा हक्क देत नाही. एच-१बीची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. फायदा एवढा की ही मंजुरी तुमची स्वतःची आहे, कंपनी ती काढून घेऊ शकत नाही, आणि तिच्या आधारावर सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढतं आणि जोडीदाराला एच-४ ईएडी (त्याच्या अवलंबित व्हिसावर काम करायची परवानगी) मिळू शकतं. तारीख लागलेली असताना आय-४८५ (अमेरिकेत राहून ग्रीन कार्ड घ्यायचा शेवटचा अर्ज) भरलं आणि त्यावर वर्क परमिट आलं की मग जरा श्वास घेता येतो.

मुलगी १९ वर्षांची आहे, वेळेत होईल का?

२१ च्या आत आणि अविवाहित असेल तर ती तुमच्यासोबत येते. व्हिसा नंबर उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० प्रलंबित होतं तेवढे दिवस वजा करतात. ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएस यासाठी व्हिसा बुलेटिनचा (रांगेच्या तारखांच्या मासिक पत्रकाचा) फायनल अ‍ॅक्शन तक्ता धरते. यात एक बारीक गोष्ट अशी की प्रीमियम घेतलं तर प्रलंबित दिवस कमी होतात, म्हणजे वजावटही कमी. मुलांचं वय काठावर असेल तर या एका प्रश्नासाठी तरी चांगल्या वकिलाची तासाभराची फी द्या.

वकील लागतोच का?

कायद्याने नाही. वेळ असेल, इंग्रजीत सलग मुद्देसूद लिहिता येत असेल आणि केस सरळ असेल तर स्वतः करा. पण अमेरिकेतलं कायदेशीर स्टेटस मधेच तुटलेलं असेल, आधी नकार आलेला असेल तर वकील घ्या. तो कोणत्या राज्यात बारवर आहे ते तपासा, ‘कन्सल्टंट’ म्हणवणारे वकील नसतात. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

ग्रीन कार्ड मिळालं की आईबाबांना आणता येईल?

ग्रीन कार्डवर नाही. आईवडिलांसाठी अर्ज फक्त २१ वर्षांवरचा अमेरिकन नागरिक करू शकतो. म्हणजे ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षं, त्याच्या ९० दिवस आधी नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो, शपथ झाली की मग आईबाबांचा अर्ज, आणि त्यांना मात्र रांग नाही. नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआय काढावं लागतं. तोपर्यंत त्यांचं येणं-जाणं टुरिस्ट व्हिसावरच. आणि ते इथे कायमचे यायला तयार आहेत का हे त्यांनाच विचारा, वाडा आणि शेजार सोडून थंडीत येऊन बसायला बरेच जण तयार नसतात.